श्वासाचे कोडे सोडवणारा गेलन

छातीवर हात ठेवून मोठा श्वास घ्या. छाती वर आली ना? ती कोण उचलतं, हे प्रयोग करून दाखवणारा वैद्य म्हणजे गेलन.

इ. स. १२९ मध्ये पर्गमम शहरात तो जन्मला. हे गाव आज तुर्कस्तानात आहे. इ. स. १५७ साली तो ग्लॅडिएटरांचा, म्हणजे लोकांच्या करमणुकीसाठी तलवारीने लढणाऱ्या गड्यांचा, वैद्य झाला. त्यांच्या उघड्या जखमांतून त्याला शरीराच्या आतलं दिसलं. पुढे तो रोमला गेला. तिथे माणसाचं प्रेत कापायला बंदी होती. म्हणून त्याने माकडं आणि डुकरं कापली, तीही कधी कधी जिवंत! वाचूनच अंगावर काटा येतो.

त्याला दिसलं की फुफ्फुस आपणहून फुगत नाही. छाती व पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायू असतो. तो खाली सरकतो, बरगड्यांमधले स्नायू बरगड्या उचलतात, छाती मोठी होते आणि हवा आत शिरते.

मानेच्या अगदी वर मज्जारज्जू कापला की जनावराचा श्वास लगेच बंद पडे. मानेच्या खालच्या टोकाला कापला तर बरगड्या थांबत, पण श्वासपटल चालूच राही. म्हणजे श्वासपटलाला हुकूम मानेतूनच जातो. झाडावरून पडून मानेला मार बसलेल्या माणसाला हिसका देऊन उचलू नये, ते यासाठीच.

एकदा भर लोकांत त्याने ओरडणाऱ्या डुकराच्या गळ्यातल्या बारीक नसा बांधल्या. डुकराचा आवाज गेला, श्वास मात्र चालू राहिला.