संत फ्रान्सिस डी सेल्स व त्यांचा क्रोध

नागपूरच्या कॅथीड्रलास व तेथील एका जुन्या शाळेस संत फ्रान्सिस डी सेल्स यांचें नांव आहे, हें तुमच्यापैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. सॅव्हॉय प्रांतांतील आनसी या गांवीं स्थापन झालेल्या एका संघाचे मिशनरी १८४६ सालीं विशाखापट्टणास आले, व पुढें त्यांच्याच द्वारें हें नांव नागपुरास पोंचलें. या सत्पुरुषाची ख्याति मुख्यतः सौम्यपणाबद्दल आहे. परंतु हा सौम्यपणा त्यांस जन्मतः लाभलेला नव्हता. स्वभावानें ते मोठे शीघ्रकोपी होते.

त्यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजीं सॅव्हॉयमधील थोरां गांवाजवळच्या एका गढींत, सरदार घराण्यांत झाला. त्या काळीं सॅव्हॉयवर तेथील ड्यूकचें राज्य होतें. आज तो भाग फ्रान्समध्यें मोडतो. त्यांच्या बाळपणीं एकदां कॅल्व्हिनच्या पंथाचा कोणी गृहस्थ गढींत पाहुणा आला. मोठ्यांच्या बैठकींत मुलास प्रवेश कोठला? तेव्हां हा चिमुकला वीर काठी घेऊन अंगणांतल्या कोंबड्यांवर तुटून पडला व त्यांनाच पाखंडी समजून पिटाळूं लागला, असें सांगतात. बिचाऱ्या कोंबड्यांचा पंथ कोणता होता, देव जाणे! पण रागाची रीत अशीच आहे. ज्याच्यावर तो येतो त्याच्यापर्यंत हात पोंचत नाहीं, म्हणून जो हाताशीं सांपडेल त्याच्यावर तो निघतो. घरोघरीं धाकट्या भावंडांस याचा अनुभव असेलच.

पॅरिस व पॅड्युआ येथें त्यांचें शिक्षण झालें. मुलानें कायदेपंडित व्हावें ही वडिलांची इच्छा. परंतु १५९३ सालीं फ्रान्सिस यांनीं धर्मगुरूची दीक्षा घेतली. दुसऱ्याच वर्षीं त्यांस शाब्ले या डोंगराळ भागांत पाठविण्यांत आलें. तेथील बहुतेक लोक प्रॉटेस्टंट होते. बर्फ तुडवीत गांवोगांव जावें, तों प्रत्येक दार बंद. शिवाय जिवावर घाला घालण्यास टपलेले लोक निराळेच. बाळपणींची काठी येथें उपयोगाची नव्हती. ऐकावयास कोणी येईना, तेव्हां त्यांनीं आपलीं प्रवचनें कागदावर लिहून लोकांच्या दारांच्या फटींतून आंत सारण्यास आरंभ केला. १५९७ सालीं जिनीव्हा शहरीं जाऊन त्यांनीं वयोवृद्ध प्रॉटेस्टंट पंडित थिओडोर बेझा यांची भेट घेतली. मतभेद मिटला नाहीं. पण दोघे सभ्यपणें बोलले. त्या काळीं पंथभेदापायीं रक्ताचे पाट वाहत, हें ध्यानांत घेतां ही गोष्ट लहान नव्हे.

१६०२ सालीं ते जिनीव्हाचे बिशप झाले. जिनीव्हा शहर त्यांच्या पंथास बंद असल्यामुळें त्यांचें वास्तव्य आनसी येथेंच असे. तेथें एकदां कोणी मनुष्यानें तोंडावर त्यांचा फार अपमान केला. फ्रान्सिस एक अक्षरही बोलले नाहींत. मागाहून जवळच्यांनीं कारण विचारतां त्यांनीं सांगितलें कीं, मन खवळलेलें असेतों जिभेनें तोंडांत स्वस्थ बसावें असा आपला व तिचा करार झालेला आहे. आणि इतक्या वर्षांत दंवाप्रमाणें थेंब थेंब गोळा केलेली थोडीशी शांति पाव तासांत सांडून टाकण्याची आपणांस भीति वाटली. म्हणजे त्यांस राग आला नव्हता असें नव्हे!

१६०९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘भक्तिमय जीवनाची प्रस्तावना’ या ग्रंथांत त्यांनीं क्रोधाविषयीं एक प्रकरण लिहिलें आहे. क्रोध मनांत उठतांच, तुफानांत सांपडलेल्या शिष्यांनीं नावेंत ख्रिस्तास हांक मारिली तशी आपण देवास हांक मारावी, असें ते सांगतात. परंतु ही प्रार्थनाही धांदलीनें, दांतओंठ खाऊन करूं नये. ती हळुवारपणें करावी. हें वाचून मी थबकलों, कारण आपल्यापैकीं बरेचजण रागाच्या भरांत प्रार्थना करितात ती शत्रूची तक्रार नोंदविण्यासाठीं! पुढें ते म्हणतात, कोणास रागानें बोललों तर जखम ताजी आहे तोंच त्याच मनुष्याशीं गोडीनें वागून ती भरून काढावी. आणि आपण रागावलों याबद्दल पुन्हां स्वतःवरच रागावत बसूं नये. आपल्या मनासही ममतेनेंच समजावावें.

हा उपदेश कसोटीस लागला तो जान द शांताल या विधवेच्या बाबतींत. १६०१ सालीं शिकारींत एका आप्ताची गोळी चुकून लागून तिचे पति वारले. मरणापूर्वीं त्यांनीं त्या आप्तास क्षमा केली. पण पदरीं चार मुलें असलेल्या या तरुण स्त्रीस ती करवेना. त्याचें दर्शनही तिला असह्य होई. १६०४ सालीं दिजों शहरीं तिची फ्रान्सिस यांच्याशीं गांठ पडली. त्यांनीं तिच्यावर घाई केली नाहीं. त्या मनुष्याची भेट मुद्दाम घेऊं नये. मात्र तो आपण होऊन आला तर मन मृदु ठेवावें, इतकेंच त्यांनीं सुचविलें. तिचें रक्त खवळेल हेंही ते जाणून होते. हळूहळू तिचें मन वळलें, आणि अखेरीस त्याच मनुष्याच्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्ममाता म्हणून ती उभी राहिली. १६१० सालीं तिनें व फ्रान्सिस यांनीं मिळून ‘व्हिझिटेशन’ हा धर्मभगिनींचा संघ स्थापिला.

२८ डिसेंबर १६२२ रोजीं लिओन शहरीं, त्याच संघाच्या मठाच्या माळ्याच्या झोंपडींत, फ्रान्सिस यांनीं देह ठेविला. वैद्यांनीं शव तपासलें तेव्हां पित्ताशयांत पुष्कळ खडे आढळले, असें सांगतात. जन्मभर गिळलेल्या रागाचेच हे खडे झाले, असें लोक म्हणूं लागले. आजचें वैद्यकशास्त्र हें मान्य करणार नाहीं. परंतु असें म्हणणाऱ्यांत त्यांच्या नित्य सहवासांतले लोकही होते. आणि त्यांस तें सहज खरें वाटलें.