शाहिराची कथा आणि रुपेरी पडदा : अण्णा भाऊ साठे यांचे चरित्र

प्रस्तावना

मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी मराठी साहित्यकृतींवरील चित्रपटांचा महोत्सव भरवायचा झाला, तर चित्रपटांची यादी कशी तयार होईल, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. साने गुरुजींच्या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये काढलेला ‘श्यामची आई’ पहिला येईल. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरील ‘कुंकू’ (१९३७) येईल. व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवरून अमोल पालेकर यांनी केलेला ‘बनगरवाडी’ही येईल. ज्यांच्या साहित्यावर निदान सात मराठी चित्रपट निघाले, त्या अण्णा भाऊ साठे यांचे नाव मात्र बहुधा कोणीतरी आठवण करून दिल्यावरच यादीत चढेल. नांदेड-लातूरच्या गावोगावी १ ऑगस्टला त्यांच्या प्रतिमेची मिरवणूक निघते. तरीही असे घडते. ज्या लेखकाची प्रतिमा इतकी परिचित आहे, त्याची कथा पडद्यावर गेल्यावर तिचे काय झाले, हे समजून घेण्यासाठी प्रस्तुत घटकात आपण त्यांचे चरित्र अभ्यासणार आहोत.

वाटेगाव ते मुंबई

अण्णा भाऊंचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे. आईचे नाव वालुबाई. कुटुंब मातंग समाजाचे. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये केलेला आणि पुढे मुंबई इलाख्यातही लागू झालेला गुन्हेगार जमातींविषयीचा कायदा या समाजाच्या दैनंदिन जीवनावर लादलेला होता. माणसाने काही गुन्हा केला असो वा नसो, त्याला ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. ‘फकिरा’ ही कादंबरी वाचताना हा संदर्भ विसरून चालत नाही. ज्याच्यावरून ही कादंबरी लिहिली गेली, त्या बंडखोर फकिराने अण्णा भाऊंच्या जन्माच्या वेळी बाळंतिणीसाठी ओंजळभर सुरती रुपये दिले होते, अशी आठवण साठे कुटुंबात सांगितली जाई. लेखकाचा नायक लेखकाला त्याच्या जन्माबरोबरच भेटला, असे या आठवणीवरून म्हणता येते.

शाळेत ते जेमतेम दीड दिवस टिकले. पुढे १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत हे कुटुंब वाटेगाव सोडून मुंबईकडे निघाले. हा प्रवास पायी झाला. वाटेत मिळेल ते काम करायचे आणि पुढे चालायचे, अशा रीतीने मजल दरमजल करत ही माणसे मुंबईस पोहोचली. तेथे कोळसे वेचणे, हमाली, फेरीवाल्याचे गाठोडे वाहणे आणि पुढे गिरणीतील काम अशी मिळतील ती कामे त्यांनी केली.

त्यांची अक्षरओळख कशी झाली, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. दुकानांवरच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे न्याहाळत ते वाचायला शिकले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. मूकपटांचा त्यांना छंद होता. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला ही बाब लक्षणीय वाटते. बालबोध पुस्तकातून शिकणारे मूल अक्षराकडून शब्दाकडे जाते. पोस्टर वाचणाऱ्या मुलाला मात्र चित्र, नाव आणि गोष्ट ही तिन्ही एकदम दिसतात आणि त्यातून तो अक्षरे सुटी करून घेतो. ज्या सिनेमाने पुढे त्यांच्या कथा घेतल्या, त्याच सिनेमाच्या भिंतीवरील जाहिरातींनी त्यांना आधी लिपी दिली होती.

शाहीर आणि लोकनाट्यकार

मधल्या काळात गिरणीचे काम सुटल्यावर ते वाटेगावी परतले आणि नात्यातील बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात वावरले. गण, गवळण, बतावणी, वग ही तमाशाची अंगे त्यांनी पुस्तकातून नव्हे, तर प्रत्यक्ष फडात आत्मसात केली. पुन्हा मुंबईत आल्यावर माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांचा कम्युनिस्ट चळवळीशी संबंध आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी स्तालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. इप्टा या नाट्यसंस्थेशीही ते जोडलेले होते. त्या वर्तुळातील बलराज साहनी आणि ख्वाजा अहमद अब्बास हे चित्रपटसृष्टीतही कार्यरत होते.

स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. अण्णा भाऊंनी तमाशाचा साचा ठेवून त्यातील आशय बदलला. गणातील देवस्तवनाच्या जागी मातृभूमी, हुतात्मे आणि श्रमिक आले, आणि या प्रकाराला लोकनाट्य हे नाव रूढ झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील त्यांची मैनेची छक्कड तर घराघरांत पोहोचली. गावाकडे राहिलेल्या पत्नीचा विरह आणि महाराष्ट्राबाहेर ठेवलेल्या सीमाभागाचा विरह त्यांनी तीत एकाच प्रतिमेत बांधला.

मार्च १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. १९५९ मध्ये ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे. तिला वि. स. खांडेकर यांची प्रस्तावना लाभली. ‘छाया’ (१९३६)पासून चित्रपटकथा लिहिणारे खांडेकर पुस्तक आणि पडदा दोन्ही जाणणारे होते. १९६१ मध्ये ‘फकिरा’ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी अण्णा भाऊंनी रशियाचा प्रवास केला. ज्या गॉर्कीचे साहित्य त्यांना जवळचे वाटे, त्याच्या ‘आई’ या कादंबरीवर पुदोव्हकिनने १९२६ मध्येच मूकपट काढला होता. साहित्याने पडद्यावर जाणे म्हणजे केवळ करमणुकीत विरून जाणे नव्हे, याचे ते एक उदाहरण होते.

पडद्यावरचे अण्णा भाऊ

१९५९ मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. काही वर्षांपूर्वी ज्या तमाशाला सरकारने अश्लील ठरवले होते, तोच तमाशा आता मराठी चित्रपटाचा हुकमी आधार झाला. या लाटेत निर्मात्यांना तमाशाचे जग आतून जाणणाऱ्या लेखकाची गरज होती. १९६१ मध्ये ‘वैजयंता’ या अण्णा भाऊंच्या कादंबरीवर गजानन जागीरदार यांनी त्याच नावाचा चित्रपट केला; त्यात जयश्री गडकर यांची भूमिका होती. १९६३ मध्ये ‘फकिरा’ पडद्यावर आला. (शशी कपूर यांचा १९७६चा हिंदी ‘फकीरा’ वेगळा आहे. उत्तरपत्रिकांत दरवर्षी काही विद्यार्थी या दोन्हींची गल्लत करतात, म्हणून येथे मुद्दाम नोंदवले.)

नंतरच्या चित्रपटांची नावे मूळ कादंबऱ्यांच्या नावांशी ताडून पाहावीत. ‘आवडी’वरील चित्रपट ‘टिळा लाविते मी रक्ताचा’ या नावाने आला. ‘माकडीचा माळ’ची ‘डोंगरची मैना’ झाली. ‘चिखलातील कमळ’ची ‘मुरळी मल्हारीरायाची’ झाली, तर ‘अलगूज’ची ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’ (१९७४). ‘वारणेचा वाघ’ (१९७०) मात्र आपले नाव टिकवून राहिला. सातपैकी चार कृतींचे नाव बदलले, आणि बदलाची दिशा बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. नवी नावे लावणीच्या ओळीसारखी कानावर पडतात. त्यांत ठेका आहे, ठसका आहे आणि बहुतेक ठिकाणी पुढे उभी असलेली एक स्त्री आहे.

यातील ‘माकडीचा माळ’चे उदाहरण सर्वाधिक बोलके आहे. हे एका माळाचे नाव आहे. भटक्या जमातींची पालं जेथे पडतात, तो हा माळ. गावाच्या सीमेबाहेर जगणाऱ्या, स्वतःचे कायदे आणि पंचायत असणाऱ्या माणसांचा एक संपूर्ण समूह या कादंबरीत आहे, आणि शीर्षकात त्या समूहाची जागा आहे. ‘डोंगरची मैना’ म्हटले की समूह मागे सरतो आणि नायिका पुढे येते. निर्मात्याच्या बाजूनेही हे पाहिले पाहिजे. ज्या प्रेक्षकाला तिकीट काढायला लावायचे आहे, त्याला माळाचे नाव सांगून भागत नाही. शिवाय मैना हा शब्द शाहिराच्या छक्कडीमुळे लोकांच्या तोंडी होताच. तरीही शीर्षक हे कृतीचे पहिले वाक्य असते, आणि येथे ते पहिले वाक्यच दुसऱ्याने लिहिले आहे.

‘मुरळी मल्हारीरायाची’विषयी आपल्या भागातील विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. खंडोबाला मुली वाहण्याची प्रथा ही मराठवाड्यातील वाचकाला दूरची गोष्ट नाही. लोहा तालुक्यातील माळेगावी मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची मोठी यात्रा भरते. वाघ्या-मुरळी, तमाशाचे फड, घोड्या-गाढवांचा बाजार आणि तंबूतला सिनेमा हे सारे त्या यात्रेत एकमेकांच्या शेजारी असे. अशा यात्रेत मुरळीवरचा चित्रपट लागला, तर तंबूच्या आत पडद्यावरची मुरळी आणि तंबूच्या बाहेर प्रत्यक्षातली, असे दृश्य उभे राहते. दोघींमध्ये कापडाची एक कनात एवढेच अंतर. कादंबरीचे शीर्षक त्या मुलीला चिखल आणि कमळ या दोन शब्दांत पाहते; तिच्याभोवती चिखल आहे, हे ते स्पष्ट सांगते. चित्रपटाचे शीर्षक तिला मल्हारीरायाची म्हणते. एका षष्ठी प्रत्ययाने प्रथेचा आरोप प्रथेच्या गौरवाकडे झुकू शकतो, हे व्याकरणाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

निवेदकाचा लोप

याहून खोल बदल भाषेच्या पातळीवर घडतो. अण्णा भाऊंच्या कादंबरीत दोन भाषा एकत्र नांदतात. पात्रे वारणाकाठची बोली बोलतात. निवेदक मात्र बराचसा प्रमाण मराठीत, भारदस्त आणि वेगवान वाक्यांत बोलतो. ‘फकिरा’मध्ये राणोजी जोगणी आणतो आणि त्यासाठी प्राण गमावतो, पुढे दुष्काळात त्याचा मुलगा फकिरा धान्य आणि खजिना लुटून माणसे जगवतो, शेवटी वस्तीचे हाल थांबावेत म्हणून तो स्वतःला सरकारच्या स्वाधीन करतो. ऐतिहासिक कादंबरीने जी भाषा आजवर सरदार-राजांसाठी राखून ठेवली होती, ती निवेदकाने येथे मांगवाड्यातील माणसांसाठी वापरली. प्रस्तुत लेखकाच्या मते ही अण्णा भाऊंची सर्वांत धीट वाङ्मयीन कृती आहे. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाने प्रमाण भाषा हस्तगत केली आणि ती आपल्या माणसांच्या सन्मानासाठी राबवली.

कथापट या निवेदकाला सहसा सोबत घेत नाही. पडद्यावर संवाद उरतात, आणि संवाद म्हणजे बोली. मराठी चित्रपटात तर ग्रामीण बोली म्हणून कोल्हापूर-साताऱ्याकडच्या बोलीचा एक ठरावीक नमुना सर्वत्र वापरला गेला. मुखेड-देगलूरच्या, कन्नड आणि तेलुगूच्या शेजारी घडलेल्या मराठीला त्यात जागा नव्हती. त्यामुळे आपल्याकडील खेडूत प्रेक्षकालाही पडद्यावरचा खेडूत परका वाटे. मुख्य हानी अशी की नायकाला आदराने पाहणारा आवाजच नाहीसा झाला. कॅमेरा तो आदर देऊ शकतो. सत्यजित राय यांनी बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवरून केलेल्या ‘पथेर पांचाली’त (१९५५) तो दिला आहे. पण त्यासाठी दिग्दर्शकाला निवेदकाची जागा घ्यावी लागते. कथानक आणि गाणी उचलून ते साधत नाही.

अखेरची वर्षे

घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत अण्णा भाऊंनी आयुष्याची अनेक वर्षे काढली. सुमारे पस्तीस कादंबऱ्या, कथासंग्रह, लोकनाट्ये, पोवाडे आणि प्रवासवर्णन हे लेखन त्यांनी मुख्यतः या परिस्थितीत केले. अखेरच्या काळात शासनाकडून त्यांना गोरेगावात घर मिळाले. तेथेच १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, दारिद्र्य आणि आजारपणात त्यांचे निधन झाले. ‘टिळा लाविते मी रक्ताचा’, ‘डोंगरची मैना’ आणि ‘मुरळी मल्हारीरायाची’ हे तिन्ही चित्रपट त्याच १९६९ सालचे आहेत. लेखकाच्या एका वर्षात तीन चित्रपट आणि एक मृत्यू.

१ ऑगस्ट २००२ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. २०२२ मध्ये मॉस्को येथील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसवण्यात आला.

उपक्रम

आपल्या अभ्यासकेंद्रावर पाच-सहा विद्यार्थ्यांचा गट करा. वर उल्लेखिलेल्या सात चित्रपटांपैकी जो उपलब्ध होईल तो एकत्र पाहा. तत्पूर्वी मूळ कादंबरी प्रत्येकाने वाचलेली असावी. कादंबरीतील निवेदकाची पाच वाक्ये निवडा आणि त्या वाक्यांतील आशय पडद्यावर कोणत्या साधनाने आला, की आलाच नाही, याची नोंद करा. गावातील ज्या ज्येष्ठांनी हे चित्रपट तंबूत किंवा यात्रेत पाहिले असतील, त्यांच्याशी बोला. चित्रपट कोणत्या कादंबरीवरचा होता हे त्यांना त्या वेळी ठाऊक होते काय, आणि पडद्यावर लेखकाचे नाव आल्याचे त्यांना आठवते काय, हे दोन प्रश्न त्यांना अवश्य विचारा.