फादर आर्मां दाविद

चीन देशांतून एका जातीचीं हरणें समूळ नाहींशीं झालीं आणि सुमारें ८५ वर्षांनीं तीं तेथें पुन्हां चरूं लागलीं. हा योग ज्या धर्मोपदेशकाच्या चौकस दृष्टीमुळें घडून आला, त्या फादर आर्मां दाविद यांचें अल्प चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म फ्रान्समध्यें, पिरेनीज पर्वताजवळील एस्पलेत गांवीं, ७ सप्टेंबर १८२६ रोजीं झाला. वडील डॉक्टर होते. सृष्टिनिरीक्षणाची गोडी मुलास त्यांच्याकडूनच लागली. १८४८ सालीं लाझारिस्ट संघांत प्रवेश केल्यावर त्यांनीं इटलींतील सावोना येथें सुमारें दहा वर्षें अध्यापन केलें व १८६२ सालीं ते पेकिंगला गेले. धर्मकार्य सांभाळून पॅरिसच्या पदार्थसंग्रहालयासाठीं ते प्राणी व वनस्पति यांचे नमुने जमवूं लागले.

पेकिंगच्या दक्षिणेस बादशहाचें तटबंदीचें राखीव रान होतें. आंत जाण्यास परक्यांस सक्त मनाई असे. १८६५ सालीं फादर दाविद यांनीं तटावरून डोकावून पाहिलें, तों गाईसारखे रुंद खूर व गाढवासारखें लांब शेंपूट असलेलीं हरणें त्यांच्या दृष्टीस पडलीं. रानावनांतून ही जात केव्हांच नष्ट झाली होती. हाच काय तो कळप उरला होता. पहारेकऱ्यांकडून मिळविलेलीं कातडीं त्यांनीं १८६६ सालीं पॅरिसला धाडलीं. तेथें या जातीस त्यांचेंच नांव देण्यांत आलें. ही वार्ता पसरल्यावर युरोपांतील प्राणिसंग्रहालयांनीं कांहीं जिवंत हरणें मिळविलीं.

१८६९ सालीं सेचवान प्रांताच्या डोंगरांत एका घरीं त्यांना काळ्या-पांढऱ्या जनावराचें कातडें दिसलें; थोड्याच दिवसांत शिकाऱ्यांनीं तें जनावरही आणून दिलें. पांडा या प्राण्याची पाश्चात्त्य शास्त्रज्ञांस ओळख झाली ती अशी. चीनमधील अरण्यें बेसुमार तोडलीं जात असल्याबद्दल त्यांनीं आपल्या रोजनिशींत खेद नमूद केला आहे. प्रकृति ढासळल्यामुळें १८७४ सालीं त्यांना मायदेशीं परतावें लागलें.

पुढें १८९५ च्या महापुरांत तट फुटून बाहेर पडलेलीं हरणें भुकेल्या लोकांनीं मारून खाल्लीं; १९०० च्या बंडाच्या धामधुमींत राहिलेलींही गेलीं. त्याच वर्षीं १० नोव्हेंबर रोजीं फादर दाविद पॅरिस येथें निवर्तले. परंतु युरोपांत गेलेल्या हरणांचा वंश इंग्लंडांतील ड्यूक ऑफ बेडफोर्ड यांनीं आपल्या वोबर्न येथील उद्यानांत वाढविला व १९८५ सालीं त्यांतील कांहीं हरणें पेकिंगच्या त्याच रानांत परत गेलीं.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या श्रमांचें फळ डोळ्यांनीं पाहण्याचें भाग्य सर्वांस लाभत नाहीं. म्हणून हातचें काम टाकूं नये, हाच बोध आम्ही या चरित्रापासून घेतों.