लक्ष्मीनारायण यांचे दान

नागपूरजवळ कन्हान नदीच्या काठी कामठी हे गाव आहे. डी. लक्ष्मीनारायण हे तेथले मोठे खाणमालक. मँगनीजच्या खाणींतून त्यांनी अमाप संपत्ती मिळवली. त्या काळी आपल्याकडचे बरेचसे मँगनीज जहाजात भरून परदेशी जाई. पोलाद बने तिकडे. आपल्या वाट्याला येई फक्त खोदण्याची मजुरी!

1930 साली लक्ष्मीनारायण वारले. मृत्युपत्रात त्यांनी सुमारे 35 लाख रुपये नागपूर विद्यापीठाला दिले होते. कशासाठी? उद्योगाला उपयोगी पडणारे विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी. विद्यापीठ तेव्हा अवघे सात वर्षांचे होते. संस्था उभी राहायला मात्र आणखी बारा वर्षे गेली. 1942 साली, महायुद्ध चालू असताना, लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली. ती पाहायला दाता हयात नव्हता. कारखान्यांना लागणारे रसायन अभियंते तेथे तयार होऊ लागले. 2023 साली या संस्थेचेच विद्यापीठ झाले.

मुलांनो, नरखेड तालुक्यात संत्र्याच्या बागा आहेत. संत्र्याची साल दाबली की डोळे चुरचुरतात ना? ते सालीतले तेल. एरवी साल आपण फेकून देतो. तिच्यातले तेल काढून विकण्याजोगे करणे, हे याच विद्येचे काम आहे.