डॉ. बारूख ब्लुमबर्ग आणि काविळीची रक्ततपासणी

कावीळ म्हटली की आपल्या वडीलधाऱ्यांना पथ्य, उसाचा रस आणि गावच्या वैद्याची माळ आठवते. डोळे पिवळे झाले की कावीळ, उतरले की गेली, असा हिशेब. परंतु 'बी' जातीची कावीळ निराळी. पुष्कळदा ती दिसतच नाही. आईकडून बाळाला जन्मावेळी होते, चाळीस-चाळीस वर्षे गप्प राहते आणि काहींच्या यकृतात कर्करोग होऊन उठते. हा गुप्त शत्रू रक्तातून ओळखण्याची युक्ती ज्यांच्यामुळे जगाला मिळाली, ते डॉ. बारूख सॅम्युएल ब्लुमबर्ग हे यहुदी होते. नवल असे की ते काविळीच्या शोधात नव्हतेच.

त्यांचा जन्म २८ जुलै १९२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. लहानपणी फ्लॅटबुशच्या येशिवात त्यांनी हिब्रू, तोरा व तालमूदचे धडे घेतले. महायुद्धात नौदलात नोकरी केली, पुढे पदार्थविज्ञान व गणित हाती धरले आणि वडिलांच्या सल्ल्यावरून कोलंबिया विद्यापीठात वैद्यक शिकायला गेले.

विद्यार्थीदशेत काही महिने ते दक्षिण अमेरिकेतील सुरिनाममध्ये, मोएंगो नावाच्या खाणीच्या गावी होते. त्या मुलखात हिंदुस्थानातून गेलेले मजूर, जावाचे लोक, आफ्रिकी, चिनी आणि सतराव्या शतकात ब्राझीलहून आलेल्या यहुद्यांचे थोडे वंशज एकत्र नांदत होते. हत्तीपायाचे जंतू सर्वांच्याच वाट्याला, पण कोणाला रोग जडे, कोणाला नाही. असे का, हा प्रश्न त्यांच्या मनात बसला तो कायमचाच.

उत्तर रक्तात असावे असे त्यांना वाटे. ज्यांना वारंवार दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते, अशा रोग्यांच्या रक्तात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात. असे रक्तद्रव घेऊन ते देशोदेशींच्या लोकांच्या रक्तद्रवाशी ताडून पाहात. साधन साधेच. आपल्याकडे कित्येकजणी हलवा थिजवायला जी चायना ग्रास वापरतात, त्याच अगरच्या थरात दोन खळगे पाडून दोन नमुने घालायचे. जुळले तर मधोमध पांढरी रेघ उमटते. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रोग्याचे आणि ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीचे रक्तद्रव समोरासमोर येताच अशी रेघ उमटली. डॉ. हार्वी ऑल्टर त्या कामात सोबती होते. वस्तूचे नाव पडले 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन'.

पुढे तीन वर्षे तर्क चुकत गेला. रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्यांत ती अधिक सापडे, म्हणून हा आनुवंशिक गुण असावा असे ठरले. मात्र १९६६ मध्ये डाऊन्स सिंड्रोमच्या एका रोग्याचे रक्त, जे आधी निर्दोष होते, ते बदलले. आनुवंशिक गुण असा मधेच येत नाही. तपासले तर यकृताला सूज. १९६७ मध्ये प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ बाई आजारी पडल्या. त्यांनी स्वतःचेच रक्त तपासले आणि तीच रेघ दिसली. ती हिपॅटायटिस बी विषाणूच्या कवचाची खूण होती.

मग रक्तपेढ्या दात्यांचे रक्त तपासू लागल्या. १९६९ मध्ये ब्लुमबर्ग व डॉ. अर्विंग मिलमन यांनी वाहकांच्याच रक्तापासून लस करण्याची रीत मांडली. १९८१ मध्ये अमेरिकेत पहिल्या लसीला परवाना मिळाला. त्याच साली डॉ. पामर बीस्ली यांनी तैवानातील २२,७०७ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या रक्तात ही खूण होती, त्यांना यकृताचा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या दोनशेपटींहून अधिक निघाला! तैवानने १९८४ पासून बाळांना लस दिली आणि तेथे मुलांमधील हा कर्करोग घटला. कर्करोग टाळणारी लस म्हणतात ती हीच.

इस्रायलमध्ये ही लस १९९२ पासून प्रत्येक नवजात बाळाला दिली जाते. हिंदुस्थानातून आलिया करून आलेली आपली जुनी पिढी त्याआधीची. कुपात खोलिमच्या डॉक्टरांना या तपासणीविषयी एकदा विचारायला काय हरकत आहे? खूण सापडली म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. अशा माणसाच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजतात, जरूर तर औषध देतात. धोका अधिक असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात, जोडीला अल्फा-फीटोप्रोटीन या दुसऱ्या खुणेसाठी रक्त पाहतात. गाठ लहान असतानाच सापडली तर इलाज होऊ शकतो.

वाहक ठरलेल्या माणसाला लोकांनी दूर लोटले तर काय, याची काळजी ब्लुमबर्ग यांनी सत्तरीच्या दशकातच लिहून मांडली होती. मला स्वतःला हे त्यांच्या शोधाइतकेच मोठे वाटते.

१९७६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना डॉ. कार्लटन गायडुसेक यांच्याबरोबर मिळाले. १९८९ ते १९९४ ते ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजचे प्रमुख होते आणि पुढे नासामध्ये परग्रहांवरील जीवसृष्टीच्या अभ्यासाचे काम त्यांनी पाहिले. आठवड्याचा तालमूदचा वर्ग मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. ५ एप्रिल २०११ रोजी कॅलिफोर्नियात नासाच्या एका परिषदेत भाषण आटोपल्यावर हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय ८५ होते.