अर्थमंत्री कै. अण्णासाहेब लठ्ठे

वाणिज्य शाखेत आल्यावरही अंदाजपत्रक म्हणजे रुक्ष आकड्यांचा पसारा, असेच मला वाटे. कै. अण्णा बाबाजी लठ्ठे यांच्या चरित्राने माझा हा समज दूर केला.

अण्णासाहेबांचा जन्म १८७८ साली कुरुंदवाड येथे झाला. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत ते अग्रभागी होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांनी अध्यापन केले, बेळगावात वकिली केली. राजर्षी शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र त्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केले. पुढे ते कोल्हापूर संस्थानचे दिवाणही झाले.

१९३७ साली बेळगाव जिल्ह्यातून ते मुंबई विधानसभेवर निवडून गेले आणि बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. काँग्रेसला दारूबंदी करावयाची होती. पण दारूवरील अबकारी हे तर तिजोरीचे मोठे उत्पन्न! ही तूट भरण्यासाठी १९३९ साली मुंबई व अहमदाबाद येथील इमारतींवर वार्षिक भाडेमूल्याच्या १० टक्के कर बसविण्यात आला. घरमालक कोर्टात गेले, तरी कर टिकला. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत दारूबंदी सुरू झाली. नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९५० साली अण्णासाहेब निवर्तले.

दारूबंदीविषयी मतभेद असतील. परंतु सत्कार्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हे अण्णासाहेबांनी उघडपणे मांडले आणि रोष पत्करला. आमच्या सीमाभागात पुढाऱ्याची भाषा आधी विचारतात. त्याचा हिशेबही विचारावा, हे मी या चरित्रातून शिकलो.