नांदायला जा, नाहीतर जेलमध्ये!

२२ नोव्हेंबर २०१७ ला गुगलने डॉ. रखमाबाई राऊत यांचं डूडल केलं, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी हे नाव पहिल्यांदाच वाचलं असेल. डॉक्टर म्हणून त्या मोठ्या होत्याच. पण डॉक्टर होण्याआधी त्या मुंबई हायकोर्टातल्या एका केसमधल्या प्रतिवादी होत्या, आणि ती केस त्या हरल्या होत्या.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईतला. त्या लहान असतानाच वडील गेले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार समाजात त्याला मुभा होती. त्याआधी वडिलांची मिळकत आईने लेकीच्या नावावर केली. ही मिळकत लक्षात ठेवा. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न झालं. नवरा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा. त्याने शिकावं असं ठरलं होतं, पण तो काही शिकला नाही. शिकल्या त्या रखमाबाई, घरीच, पुस्तकं मिळवून. त्या नांदायला गेल्याच नाहीत.

१८८४ मध्ये दादाजींच्या वकिलाची नोटीस आली. मागणी एकच, लग्नाची बायको आहे, माझ्याकडे पाठवा. कायद्याच्या भाषेत याला म्हणतात वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना. गंमत म्हणजे (खरं तर गंमत कसली!) हा उपाय हिंदू धर्मशास्त्रातला नव्हताच. तो आला इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून. न्यायमूर्ती पिन्हे यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये नेमकं हेच बोट ठेवलं. जी कधी नांदलीच नाही, अजाण वयात जिचं लग्न लावलं, तिला बळजबरीने नवऱ्याकडे पाठवता येणार नाही, असा निकाल त्यांनी दिला.

पण दादाजी अपिलात गेले. १८८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी तो निकाल फिरवला आणि केस परत खाली पाठवली. ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम आला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. सावत्र वडील १८८५ मध्येच वारले होते. त्यांनी कोर्टाला कळवलं, कैद चालेल.

आता हे बघा. बायकोने नांदायला नकार दिला म्हणून जेल, ही शिक्षा खुद्द इंग्लंडने १८८४ मध्येच रद्द केली होती. तिकडे टाकून दिलेली शिक्षा इकडच्या मुलीला सुनावली गेली. आणि आपल्याकडे 'केसरी'तून टिळक रखमाबाईंवरच टीका करत होते, धर्म बुडतोय म्हणून. आपल्या पुस्तकांत टिळकांचा हा भाग क्वचितच येतो.

व्हिक्टोरिया राणीने त्यांचं लग्न मोडलं, अशी गोष्ट नेटवर फिरते. प्रत्यक्षात १८८८ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. म्हणजे सुटका न्यायाने नाही, पैशाने झाली. रखमाबाईंकडे मिळकत होती, 'टाइम्स ऑफ इंडिया'त टोपणनावाने पत्रं लिहिण्याइतकं इंग्रजी होतं, बेहरामजी मलबारींसारखे पाठीराखे होते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या बाकीच्या मुलींकडे यातलं काय होतं?

१८८९ मध्ये त्या लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या. आधी सुरत, मग राजकोट, अशी तीसेक वर्षं बायकांच्या दवाखान्यांत काम केलं. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसली. हे वाचून मी अडखळले. जे लग्न कधी मानलं नाही, त्याचं वैधव्य का पाळायचं? मला अजून याचं उत्तर सापडलेलं नाही.

रखमाबाई सप्टेंबर १९५५ मध्ये गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात स्वतंत्र भारताचा हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. त्याच्या कलम ९ मध्ये वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना पुन्हा आली. आता जेल नाही, मालमत्तेवर टाच येऊ शकते. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं, १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवलं. २०१९ मध्ये त्याला सुप्रीम कोर्टात पुन्हा आव्हान दिलं ते गांधीनगरच्या लॉ युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांनी.